फ्रीजर सोडून सगळं

११ जानेवारी, शनिवार
सकाळी आंबवलेल्या मक्याची केंकी आणि तळलेला मासा खात असताना लाइट गेली. नेहमीचंच, म्हणून खात राहिलो. मग लक्षात आलं की कोपऱ्यावर पापा एकोच्या बारमध्ये गाणी चालूच आहेत. म्हणजे गावाची नव्हे, माझीच गेली. व्हरांड्यात जाऊन पाहिलं तर ब्रेकर खाली पडलेला. वर केला. सगळं सुरू झालं. फ्रीजर डर्र करून जागा झाला, आणि टक्. ब्रेकर पुन्हा खाली.

अंगणापलीकडच्या दोन खोल्या कम्फर्टला भाड्याने दिल्या आहेत. शिवणकाम करते. तिची लाइन माझ्याच ब्रेकरवरून जाते. दारातूनच तिने विचारलं, "मास्तर, सगळ्या साल्टपाँडची गेली की आपली?" मी म्हणालो, आपली, पण काळजीचं कारण नाही. म्हणाली, "तुम्ही असं म्हणालात की मी मेणबत्त्या आणून ठेवते."

संकल्प: इलेक्ट्रिशियन बोलवायचा नाही. शाळेत सायन्सच्या सरांची बदली झाली तेव्हा दोन टर्म मीच वीज शिकवली. कविता शिकवणाऱ्याला धीर असतो, आणि या कामाला धीरच लागतो. सोमवारपर्यंत दोष सापडेल.

१२ जानेवारी, रविवार
हरमाटनचा वारा जोरात सुटला आहे. उत्तरेची सगळी धूळ गावात आली. पाद्रीबुवांच्या काळ्या झग्यावर साय धरल्यासारखी पांढरी पुटं. प्रवचन ऐकता ऐकता एकदम उलगडा झाला. धूळ. घरी येऊन पावाला अंडं लावायचा बायकोचा, अराबाचा, ब्रश शोधला आणि घरातले सगळे सॉकेट झाडून काढले. ब्रेकर वर केला. दुपारभर राहिला. शोध संपला हे कम्फर्टला सांगायला अंगणात उतरतोय तोच टक्.

धूळ खोलवर गेली असणार.

चर्चहून आल्यावर रिवाजाप्रमाणे फ्रीजरचं झाकण उघडून डबा पाहिला. आहे.

१४ जानेवारी
आजपासून शास्त्रीय पद्धत. एकेक प्लग काढायचा आणि ब्रेकर पडतो का पाहायचं. रेडिओ काढला, पडला. पंखा काढला, पडला. किटली काढली, पडला. अराबाचा मिक्सर वर्षभर कुणी लावलेला नाही. तो आधी लावला आणि मग काढला. पद्धत म्हणजे पद्धत. शेवटी घरात फक्त फ्रीजर चालू राहिला. ब्रेकर पडला.

यावरून सिद्ध झालं की माझ्या घरातल्या एकाही वस्तूत दोष नाही. दोष अंगणापलीकडे आहे.

फ्रीजर या पद्धतीत धरलेला नाही. ब्रेकर पडायच्या आधी तो डर्र करतो हे खरं. पण भूकंप होणार हे कोंबड्यांना आधी कळतं, म्हणून भूकंप कोंबड्या करतात असं कोणी म्हणत नाही.

१५ जानेवारी
कम्फर्टला समजावून सांगितलं की विजेची इस्त्री काही दिवस बंद ठेव. कोळशाची वापर, पूर्वीच्या बायका वापरायच्याच. कंबरेवर हात ठेवून तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि मशीन पायाने चालवू? आणि दिवे काय, तुमच्या कवितेवर लावू?" पण पोर गुणी आहे. सांगितलं तसं केलं. अंगणभर धूर.

ब्रेकर दोनदा पडला. विजेच्या इस्त्रीची गरमी अजून वायरीत मुरलेली असावी. चार दिवस जाऊ द्यायला हवेत.

१८ जानेवारी, शनिवार
कम्फर्टने परस्पर एसुमानला बोलावलं. माझाच विद्यार्थी. आता गावभर वायरी ओढत फिरतो आणि त्याहून जास्त बोलतो. दात घासायची काडी तोंडात, टेस्टर कानावर. व्हरांड्यात एक खुर्ची ओढून बसला, कम्फर्टने दिलेलं पाणी प्यायला, फ्रीजरची डर्र आणि ब्रेकरची टक् एकदा ऐकली आणि म्हणाला, "मास्तर, फ्रीजरची मोटर गेलीय. नको तेवढा करंट ओढते. प्लग काढून बघा, आत्ता कळेल."

मी विचारलं, चौथीत तुझी दीपस्तंभाची कविता पाठ झाली होती का?

म्हणाला, नव्हती.

मी म्हणालो, मग घाई करू नकोस. तेव्हाही पहिल्या ओळीवरून थेट शेवटच्या ओळीवर उडी मारायचास.

हसला. म्हणाला, "बरं, मग फाटकावरचा दिवा बदलू का? त्याची वायर उंदरांनी खाल्लीय." खाल्लीच होती. बघा, दोष निघालाच. त्याने दुपारपर्यंत फाटकाची वायर बदलली. जाताना कम्फर्टच्या कानात काहीतरी बोलला आणि दोघंही माझ्याकडे पाहायला लागली.

फाटकाचा दिवा आता उत्तम लागतो. लाइट असली की.

२० जानेवारी
नोंद करून ठेवतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. माझाही.

गेल्या फेब्रुवारीत, हॉस्पिटलात जायच्या आदल्या शनिवारी, अराबाने मोठं पातेलं चढवलं. उभं राहवत नव्हतं तर स्टूल घेऊन बसली आणि बसूनच पामफळं कुटली. पामफळांचं सार, त्यात धुरावलेला मासा. कम्फर्ट मदतीला होती. आइस्क्रीमचे रिकामे डबे आम्ही वर्षानुवर्षं जमवलेले. त्यांत सार भरून, झाकणं लावून, डबे फ्रीजरात रचले. म्हणाली, "मी येईपर्यंत पुरेल."

ती आली नाही.

सार पुरलं. जपून खाल्लं, एखाद्या रविवारी, कुटलेल्या कंदाचा फुफू बाहेरून आणून. डबे कमी होत गेले. एके दिवशी झाकण उघडलं तर तळाशी एकच उरलेला. तेव्हापासून रविवारी सार्डिन खातो. तो डबा उघडायचा नाही. झाकणावरचा बर्फसुद्धा खरवडायचा नाही. रविवारी बघायचं आणि झाकण लावायचं.

यात हळवेपणा काही नाही. घरात एक जेवण शिलकीला असावं, एवढंच.

संध्याकाळी व्हरांड्यात बसलं की मी दीपस्तंभाची कविता म्हणायचो. "उभा किनारी दिवा एकटा, कुणाकुणाची वाट पाहतो." पुढची ओळ यायच्या आत स्वयंपाकघरातून अराबा म्हणायची, "पाहू दे त्याला. इकडे सार निवतंय." चाळीस वर्षं शिकवली ती कविता. पुढची ओळ आता मलाच आठवत नाही. तिचीच येते तोंडात.

२३ जानेवारी
एकुआचा फोन. अराबाची थोरली बहीण. अपामच्या किनाऱ्यावर मासे धुरावून विकते, म्हणून फोनवरही लाटांपेक्षा मोठ्याने बोलते. वर्षाची प्रार्थना सोळा फेब्रुवारीला ठरली. घराणं शनिवारीच येईल. सगळे पांढऱ्या कपड्यांत, कपडे कम्फर्ट शिवतेय. प्रार्थना झाली की अराबाच्या वस्तूंची वाटणी.

मी म्हणालो, अर्थात. रीत मला ठाऊक आहे. बाईचं सामान तिच्या माहेरचं. पातेली न्या, उखळ न्या, कापडं न्या.

म्हणाली, "आणि फ्रीजर, मास्तर. तो तिने स्वतःच्या कमाईने घेतला. शाळेच्या भिंतीवरून पोरांना बर्फाचं पाणी विकून."

जणू मला माहीत नाही. मधल्या सुटीत मी वर्गाच्या खिडकीतून बघायचो. भिंतीपलीकडून फक्त तिचा हात दिसायचा, आणि हातात पिशवी.

म्हणालो, फ्रीजर अगदी ठणठणीत आहे. इतका ठणठणीत की हलवणं योग्य होणार नाही. या जातीच्या फ्रीजरना जागा सोडवत नाही.

एकुआचा आवाज खाली आला. एरवी येत नाही. मग म्हणाली, "मास्तर, तुम्ही जेवता ना?"

संकल्प: सोळा तारखेच्या आत ब्रेकर दुरुस्त. म्हणजे फ्रीजरकडे कुणाचं लक्ष जाणार नाही.

२५ जानेवारी, शनिवार
मोठी कल्पना सुचली. माझ्या ब्रेकरला फ्रीजर सोसत नाही असं लोकांचं म्हणणं. ठीक आहे, वादासाठी धरू. मग फ्रीजरला दुसऱ्याची लाइट द्यावी. पापा एकोच्या बारची भिंत माझ्या न्हाणीघराला लागून आहे. त्याच्याकडून लांब वायर ओढून घेतली. तो म्हणाला, "मास्तर, तुमच्यासाठी काय वाटेल ते. पण आज मॅच आहे." मी म्हणालो, फ्रीजरला मॅचचं वावडं नाही.

सगळं गाव बारमध्ये. मॅच संपत आली होती. प्लग लावला. फ्रीजर डर्र. मग टक्, पण माझ्या घरात नव्हे. बारमध्ये अंधार, टीव्ही बंद, आणि इतक्या माणसांचा एकदम एकच आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. पेनल्टी होती म्हणे. कुणीतरी ओरडलं, "मास्तरांचा फ्रीजर." लोकांना कसं कळतं कोण जाणे.

भिंतीवरून पापा एको म्हणाला, "मास्तर, तुम्ही माझ्या मुलांना शिकवलंय म्हणून बोलत नाही."

निष्कर्ष: संपूर्ण गल्लीचं वायरिंग खराब आहे. हे वीज कंपनीला लिहून कळवलं पाहिजे.

२ फेब्रुवारी, रविवार
पाहणी. डबा जागेवर आहे. पण झाकणावरचा बर्फ नाहीसा झालाय आणि बाजू किंचित नरम लागल्या. फ्रीजरच्या तळाशी थोडं पाणी. स्वच्छ होतं, साराचा रंग नव्हता. म्हणजे सार शाबूत, नुसतं घाम फुटल्यासारखं झालंय. हरमाटनात माणसालाही होतं.

चर्चचे कपडे न बदलताच बाजारातल्या कोल्ड स्टोअरवर गेलो आणि बर्फाची लादी घेतली. तिथली मुलगी म्हणाली, "मास्तर, घरी पार्टी?" मी म्हणालो, फ्रीजरसाठी. तिला वाटलं मी विनोद केला. गमछ्यात गुंडाळून बर्फ डोक्यावर घेतला. वाटेत मानेवर, पाठीवर पाणी. लोक वळून बघत होते. ज्या फ्रीजरातून गावभर बर्फ गेला, त्यात आता गावातून बर्फ चाललाय.

डब्याभोवती बर्फ रचला. दोन दिवसांची निश्चिंती.

४ फेब्रुवारी
बर्फ.

५ फेब्रुवारी
पुन्हा बर्फ. मान आखडली आहे. ब्रेकर किती वेळा पडला ते मोजणं बंद केलं. मोजल्याने वायरिंगवर ताण येतो.

६ फेब्रुवारी
कम्फर्ट आली. नेहमीसारखी अंगणातून न ओरडता पायरीवर येऊन बसली. मांडीवर पांढऱ्या कापडाची चवड. कोळशाच्या इस्त्रीची ठिणगी उडून एका बाहीला भोक पडलेलं. म्हणाली, "मास्तर, हे एकुआ आंटीचं. आता सगळी बाही नवी लावायची. मशीन चालेना, इस्त्री चालेना. दहा दिवसांवर प्रार्थना आली."

मी म्हणालो, गल्लीच्या वायरिंगबद्दल कंपनीला लिहिलं आहे.

ती म्हणाली, "तुम्ही सगळ्यांचे प्लग काढलेत. माझा काढलात, फाटकाचा काढलात, पापा एकोची मॅच काढलीत. फक्त तिच्या फ्रीजरचाच नाही काढलात."

मी पद्धत समजावून सांगू लागलो. कोंबड्या आणि भूकंपाचाही दाखला दिला. तिचं लक्ष नव्हतं. मध्येच म्हणाली, "मास्तर, त्या डब्यात..." मी तिला थांबवलं. म्हणालो, त्या डब्यात काय आहे ते मला माहीत आहे, आणि तुझ्यादेखत भरलंय. त्यावर चर्चा नको.

मग कापडाला पडलेल्या भोकातून बोट घालून बघत म्हणाली, "अराबा आंटीसाठीच शिवतेय हो हे."

एवढंच बोलून गेली. मला दीपस्तंभाची पुढची ओळ आठवायची होती, ती आठवली नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी फ्रीजरचा प्लग काढला. केवळ प्रयोग म्हणून, पद्धत पूर्ण व्हावी म्हणून.

ब्रेकर वर केला. वरच राहिला.

अंगणापलीकडे मशीन सुरू झालं आणि दिवसभर सुरू राहिलं. दुपारी कम्फर्टने केंकी पाठवून दिली, मला लागते तशी, तिखट बेताचं.

घरात एक आवाज कमी झाला. इतकी वर्षं तो आवाज असतो हेच माझ्या ध्यानात नव्हतं. आता भिंतीपलीकडून पापा एकोच्या बारची गाणी फार स्वच्छ ऐकू येतात.

सार आता उद्याच खावं लागणार. ठीक आहे. ठरवलं असतं तरी एवढा चांगला दिवस मिळाला नसता. उद्याचा बेत: चर्चहून येताना फुफू. अराबाची निळी ताटं. टेबलावर कापड. कम्फर्टला बोलवायचं, तिचाही त्या सारात हात होता. आधी कविता, मग जेवण. हळूहळू खायचं. शेवटचा घास कुठला हे कळेल असं खायचं.

एका अर्थी ब्रेकर पडला ते बरंच झालं.

१० फेब्रुवारी
काल लिहिलं नाही.

टेबल मांडलं होतं. कम्फर्ट चर्चच्या कपड्यांतच आली. खुर्चीच्या टोकावर बसली, पाहुण्यासारखी. डबा पातेल्याजवळ आणून ठेवला. पहिली ओळ म्हणालो, "उभा किनारी दिवा एकटा, कुणाकुणाची वाट पाहतो." सवयीने थांबलो. मग झाकण काढलं.

पाणी होतं.

नुसतं पाणी. अर्धं वितळलेलं, मध्ये बर्फाचा एक गोळा तरंगत होता, पांढरा. आधी वाटलं सार खाली बसलंय. चमचा घालून ढवळलं. कम्फर्ट म्हणाली, "मास्तर, नका."

मग तिने सांगितलं. लाइट गेली तर डबे लवकर वितळू नयेत म्हणून अराबा पाण्याचा एक डबा गोठवून सगळ्यात खाली ठेवायची. साराचे डबे त्याच्याभोवती. गावातल्या सगळ्या बायका ठेवतात. झाकणं कम्फर्टनेच लावली होती. म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. मग वाटलं, ठाऊक नसलं तर नसू दे."

मी म्हणालो, मला ठाऊक होतं.

ती म्हणाली, "हो, मास्तर."

म्हणजे आठवडाभर मी बर्फ आणून बर्फाभोवती रचत होतो. अराबाने ऐकलं असतं तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून हसली असती. "मिस्टर क्वान्सा," म्हणाली असती, फार हसू आलं की असंच म्हणायची.

पण ते नाही. दुसरंच डोक्यात येतंय सारखं. सार तर मी केव्हाच संपवलं. कुठल्या तरी रविवारी, अजून एक आहे असं समजून. कुठला रविवार होता ते आठवत नाही. बहुधा रेडिओ चालू असेल. बहुधा उभ्यानेच खाल्लं असेल. ताट पुसून खाल्लं होतं का, तेही आठवत नाही.

फुफू दोघांनी सार्डिनबरोबर खाल्ला. कम्फर्टने दोनदा वाढून घेतला. माझ्यासाठी.

१७ फेब्रुवारी
काल प्रार्थना झाली. सगळे पांढऱ्यात, एकुआच्या बाह्या दोन्ही सारख्या. कम्फर्टने जोड दिसू दिला नाही. मीही काळं उतरवून पांढरं घातलं. मला वाचायला सांगितलं होतं, वाचलं. पाद्रीबुवा म्हणाले, आवाज अजून शाळेतलाच आहे.

वाटणी झाली. फ्रीजरची मोटर गेली आहे हे मीच एकुआला सांगितलं. ती म्हणाली, "मला मोटर कशाला हवी? आत मासे ठेवीन, उंदरांना झाकण उघडता येत नाही." चार जणांनी उचलून पिकअपवर चढवला. एकुआने स्वतः पुसला, आतूनही. मग माझ्या हातात रिकामा डबा आणून दिला. "हा तुमचा राहू दे."

जाताना मोठ्याने म्हणाली, "जेवत जा, मास्तर." पिकअप कोपऱ्यावरून वळेपर्यंत तेच ऐकू येत होतं.

भिंतीजवळ फरशीवर फ्रीजरच्या पायांचे चार गोल डाग. पुसून पाहिले. जात नाहीत.

२० फेब्रुवारी
ब्रेकर पडला नाही.

२१ फेब्रुवारी
ब्रेकर पडला नाही. संध्याकाळी दोनदा व्हरांड्यात जाऊन पाहिलं. वरच आहे. एसुमान फाटकावरून जाताना म्हणाला, "काय मास्तर, सापडला ना दोष?"

म्हणालो, हो. हरमाटन संपला. धूळ बसली.